धडधाकट पायाला पट्टी

"मियाँ, उद्या तुझ्या मुलीचा पाय मुरगळणार आहे."

साहेब हे मराठीत म्हणाले. शेजारी पाकिस्तानी फोरमन उभा होता, त्याला कळू नये म्हणून.

जेद्दात एका कंपाउंडमध्ये बर्फावर स्केटिंग करायचा हॉल होता. बर्फ सारखा करायचं यंत्र मी चालवायचो. आखाताची एक लढाई होऊन गेली होती, दुसरी यायची होती. साहेब पुण्याचे, तिथले मॅनेजर. पहिल्या दिवशी ते मराठी बोलले तेव्हा आपलं माणूस भेटलं असं वाटलं होतं मला.

नसरीन माझी मुलगी. तेव्हा चौदाची. फिलिपिनो मास्तरीणबाईंनी तिला फुकट शिकवलं, आपले जुने बूट दिले. बायकांच्या वेळेला काचांवर पडदे ओढायचे, आम्ही पुरुषांनी बाहेर जायचं. त्यामुळे मी तिला खेळताना कधीच पाहिलं नाही. नंतर यंत्र घेऊन आत गेलो की बर्फावर तिच्या वळणांच्या रेघा दिसायच्या. त्या मीच पुसायचो.

निवडीत पहिली येणारी मुलगी दुबईच्या स्पर्धेला जाणार होती. नसरीनच येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांची मुलगीही उतरली होती.

"बर्फ पुसणाऱ्याची पोर दुबईला गेली तर आमच्या मुलींनी तोंड कुठे लपवायचं?" मग साहेबांनी हळूच विचारलं, "इकामा कधी संपतोय तुझा?"

इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. संपतच आला होता. त्यांची सही नसती तर बायकामुलीसकट रत्नागिरी.

निवडीच्या सकाळी मी स्वतः तिच्या धडधाकट पायाला पट्टी बांधली. घट्ट. हॉलच्या दारात मास्तरीणबाईंना सांगितलं, मुरगळलाय. नसरीनने माझ्याकडे पाहिलं. आणि सरळ, ताठ चालत बाकापर्यंत गेली.

संध्याकाळी आत गेलो. बर्फावर सगळ्यांच्या रेघा होत्या. तिच्या नव्हत्या.

घरी, अझीझियात, तिने पट्टी सोडून माझ्या हातात दिली. "अब्बा, लंगड़ाना मुझसे नहीं हुआ." बूट परत केले. पुन्हा बर्फावर पाऊल टाकलं नाही.

गावी परतल्यावरही मी पाय मुरगळल्याचंच सांगत राहिलो. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, तिच्या सासरच्यांना. तिच्यासमोर.

यंदा साहेबांचा फोन आला. तिकडच्या मराठी मंडळाची स्मरणिका काढतायत. नसरीनवर चार ओळी हव्यात. आता मी 'तुम्ही' झालो होतो. "दुखापतीमुळे संधी हुकली, एवढंच लिहा. जुन्या आठवणी गोडच बऱ्या."

लिहितो, म्हणालो.

लिहिलं ते हेच. पाय मुरगळला नव्हता. खोटं साहेबांनी शिकवलं, पट्टी मी बांधली. नसरीनला आधी वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी लंगडले नाही हे राहू दे.

राहील. एक अक्षर बदलू देणार नाही. साहेब, तुम्ही छापलं नाहीत तर शुक्रवारी नमाजानंतर जमातीसमोर उभा राहून वाचीन. तिच्या सासरच्यांना पुढे बसवून.