एस्पेरार: वाट की आशा

इस्पितळात तिला सगळे कोशताई म्हणत. बावीस वर्षं ती तिथे स्पॅनिशची दुभाषी होती. लॅटिन तिला मावशीनं शिकवलं. शब्दांची मुळं उकरायची खोड तिथलीच. पण मनातून ती भित्री. आपल्या एका शब्दानं कुणाचं तरी वाटोळं होईल, या धास्तीनं बोलावणं आलं की तिला पळून जावंसं वाटायचं.

त्या दुपारी एका स्पॅनिश जहाजावरच्या आचाऱ्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया चालू होती. बाहेर त्याची बायको बसलेली; तिला फक्त स्पॅनिश यायचं. चार तासांनी सर्जननं दार किलकिलं केलं. "त्यांना सांगा, थांबा," एवढं बोलून तो परत आत गेला.

"एस्पेरे," कोशताईनं सांगितलं.

बाईचा चेहरा खुलला. तिनं लगेच मुलीला फोन लावला. "डॉक्टर म्हणतात, आशा आहे. तू धावपळ करू नकोस."

कोशताईच्या पायाखालची जमीन सरकली. एस्पेरार म्हणजे थांबणं, वाट बघणं, आणि आशा धरणंही. त्याचं मूळ लॅटिन ‘स्पेरारे’, म्हणजे आशा धरणं; वाट बघण्याचा अर्थ मागाहून आला. डॉक्टर एक बोलले, बाईनं धास्तावल्या मनाला हवं ते ऐकलं.

गप्प बसावं? कुणाला कळणार होतं? पण आतला माणूस गेला तर? तेवढ्यात एक नर्स बाहेर आली.

"कसा आहे तो?" कोशताईनं विचारलं.

"रक्त थांबत नाहीये. काही खरं नाही."

कोशताई बाईशेजारी बसली. "डॉक्टर फक्त थांबा म्हणाले," ती कशीबशी म्हणाली. "आशेचं काही बोलले नाहीत. चूक माझी. मुलीला बोलवून घ्या."

बाईनं तोंड फिरवून पुन्हा फोन लावला.

मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली. बापानं डोळे उघडले, तिला ओळखलं, तिचं बोट धरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. बाई कोशताईशी एक शब्दही बोलली नाही. निघताना मुलगी मात्र जवळ येऊन म्हणाली, "मी तर येणारच नव्हते."

तेव्हापासून कुणी डॉक्टर ‘थांबा’ म्हणाला, की कोशताई त्याचा कोट धरून विचारते, "कशासाठी थांबायचं, ते सांगा." डॉक्टर वैतागतात. तिला त्यांचीही भीती वाटते, पण ती कोट सोडत नाही.