वाहून गेलेल्या वावराचे बैल

वडील गेले तेव्हा मी एवढीशी होते. जाण्यापूर्वी त्यांनी मृत्युपत्र केलं: वावरं माझी, पण मी अठराची होईपर्यंत सांभाळणार काका. काका शेजारच्या घरात एकटेच राहत. काकू गेलेल्या, मूलबाळ नाही. सांभाळायचं म्हणजे कुणाला दाखवायचं नाही, असा त्यांनी अर्थ लावला. आर्णीच्या आसपास आमची जमीन कुठे आणि किती, हे मला आणि आईला ठाऊक नव्हतं. आमच्या घरच्या बायका वावरात जात नसत.

मॅट्रिक झाले आणि अमरावतीला कॉलेजात जायचं मी डोक्यात घेतलं. काका पान लावत म्हणाले, "कॉलेज? कायच्या भरोशावर? नाल्यावरचं वावर पुरात वाहून गेलं. टेकडीखालचं पडीक हाय. एक बैलजोडी उरली, तेबी म्हातारी."

"मंग मले दाखवा."

"काहून? काकावर भरोसा नाही?"

आहे म्हटलं तर गप्प बसायचं, नाही म्हटलं तर आगाऊ ठरायचं. यवतमाळच्या वकिलांनी आईला सांगितलं, मालमत्ता जिच्यासाठी सांभाळली तिला ती काय आहे हे विचारायचा हक्कच आहे, सांभाळणाऱ्यानं सांगितलंच पाहिजे. तो हक्क घेऊन मी वर्षभर रोज सकाळी काकांच्या ओसरीवर बसले. चहा मिळाला, माहिती नाही.

मग पोळा आला. पोळ्याला सजवलेले बैल मालकाच्या दारी येतात, त्यांना ओवाळून पुरणपोळी चारतात आणि ते राबवणाऱ्या सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या गड्याच्या, हातावर बोजारा म्हणून खुशीचे पैसे ठेवतात. काका हे सगळं दरसाल दूरच्या गोठ्यातच उरकत. त्या वर्षी आईनं आठवडी बाजारात सालदारांसाठी निरोप सोडला: यंदा बोजारा आमच्या घरच्या दारी, वरून धोतर. ताट तिनं माझ्या हाती दिलं आणि स्वतः दाराआड कान देऊन बसली.

तोरणाखाली जमलेला पोळा फुटला आणि आमची गल्ली घुंगरांनी भरली. काका आमच्या दारात येऊन हातवारे करू लागले, "गोठ्यात न्या बे! गोठ्यात!"

पुढचा सालदार म्हणाला, "मालक, पोयाचा बैल दारातून वापस नेत नाही."

काकांनाही ते ठाऊक होतं. ते बाजूला सरले.

मी कुंकू लावत गोड आवाजात विचारलं, "कोनत्या वावरातले जी?"

"नाल्यावरचे, ताई."

वाहून गेलेल्या वावराचे बैल चांगले गुटगुटीत होते. त्यांच्यामागे पडीक जमिनीची जोडी आली, शिंगांना बेगड लावून. मग अशी वावरं निघाली, ज्यांचं नावही आम्ही कधी ऐकलं नव्हतं. पुरण संपलं, आईनं आतून गूळ सरकवला. मी मनातल्या मनात काकांना शिव्यांची लाखोली वाहत होते.

शेवटच्या जोडीजवळ मी दरडावूनच विचारलं, "हे वावर कोनाचं?"

"तुमचंच, ताई. मालकानं औंदा तुमच्याच नावानं घेतलं. म्हनते, पोरीचं हाय, धुरा-बांध नीट ठेवजो."

मी काकांकडे वळले. "मंग सांगतलं काहून नाही?"

ते चौकटीचा रंग नखानं खरवडत राहिले. "सांगतलं असतं, त तू रोज कायले आली असती?"

मला रागही आला आणि रडूही आलं. पुढच्या जूनमध्ये काकांनीच मला अमरावतीच्या बसमध्ये बसवून दिलं, आणि बस सुटली तरी उतरायचं नाव घेईनात.