दामाजीची सोमवारची हजेरी

कल्याणला एका पोलीस चौकीसमोर माझी चहाची टपरी होती. वीस वर्षं चालवली. पोलिसांना चहा पाजला आणि वेळ आली तेव्हा तोंडावर सुनावलंपण. विमलाबाईच्या वाटेला कोणी जायचं नाही.

दर सोमवारी टिटवाळ्याहून दामाजी चौकीत हजेरी द्यायला यायचा. जातीनं पारधी. इंग्रजांनी त्यांच्या अख्ख्या जमातीवर चोराचा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर कायद्यानं तो पुसला, पण चौकीतल्या लोकांच्या डोक्यातून कोण पुसणार? दामाजीचं झोपडं पूर्वी कल्याणात होतं, म्हणून नाव इथल्याच रजिस्टरात. अंगठा उठवायचा, दोन शिव्या खायच्या, माझ्याकडे कटिंग चहा घ्यायचा आणि परत जायचं. डोंबिवलीत बांधकामावर विटा वाहायचा, सोमवारचा खाडा ठरलेला. या माणसानं कधी कुणाचा खिळासुद्धा उचलला नाही. मी चिडायचे, "अरे, कशाला येतोस मरत मरत?" तो म्हणायचा, "बाई, अंगठा असला की कुणी इचारत नाय, तू व्हतास कुठं."

पंच्याण्णव साली सरकार बदललं. चौकीत नवे साहेब आले, तरुण, चष्मेवाले. वरून कागद आला म्हणे, जातीवरून कुणाला हजेरीला बोलवायचं नाही. साहेबांनी दामाजीला सांगितलं, घरी जा, परत यायची गरज नाही. मला वाटलं, आता हा पेढे वाटेल. कसलं काय! पुढच्या सोमवारी बाबा हजर, माझ्या टपरीवर. "बाई, मी आलेलो, बघितलंत ना?" असं दोन महिने चाललं. शेवटी माझं टाळकं सरकलं. "मी काय चौकी आहे? जा, बायकोजवळ बस जरा. परत सोमवारी दिसलास तर उकळतं पाणी टाकीन अंगावर!"

त्यानं ऐकलं. पुढच्या सोमवारी आला नाही, आणि नेमकं त्याच दिवशी भरदुपारी मागच्या बिल्डिंगमधलं एक घर फुटलं, सगळं सोनं गेलं. मंगळवारी सकाळी उत्तम हवालदार टिटवाळ्याला जाऊन दामाजीला धरून घेऊन आला. जुना माणूस, जुनी खोड.

स्टोव्हवरचा चहा तसाच टाकून मी चौकीत घुसले. दामाजीचा ओठ फुटलेला. मी साहेबांना ठणकावून सांगितलं, "हा काल दिवसभर माझ्या टपरीवर होता. देवाशपथ!"

दामाजीनं मान वर केली. "नाय साहेब. बाई खोटं बोलत्यात. मी आलेलोच नाय. घरी व्हतो. बायकोसंगं भाकर खाल्ली नि झोपलो."

अगं बाई! मी कपाळावर हात मारला. संपलं, म्हटलं, गेला हा आत.

साहेबांनी उत्तमला विचारलं, "पुरावा काय आहे याच्याविरुद्ध?"

"साहेब, दर सोमवारी येतो. नेमका कालच आला नाही."

"येऊ नको असं मीच सांगितलं होतं. माणूस आपल्या घरी बसला, हा गुन्हा झाला का?"

साहेबांनी दामाजीला सोडलं आणि उत्तमला लेखी खुलासा द्यायला बसवलं. मारलंस का, तेही लिही म्हणाले.

बाहेर आल्यावर मी दामाजीला फुल कप चहा दिला. त्यानं हात लावला नाही. मग मात्र मी भडकले. "वा रे शहाण्या! मी तुझ्यासाठी देवाची शपथ घेतली आणि तू मलाच खोटी पाडलीस?"

"बाई," तो म्हणाला, "बावीस वर्षांत एक हजेरी खोटी लावली नाय मी. हवालदाराला वाटलं मी चोर, त्याचं काय नाय. पण तुम्ही मला इचारलंसुद्धा नाय, काल कुठं व्हतास म्हणून. आल्या नि शपथच घेतली. तुम्हालाबी वाटलं ना, मीच केलं असंल?"

अख्ख्या चौकीला ऐकवणारी मी, पण त्यानं मलाच बरोबर पकडलं. कारण पायरी चढताना माझ्या मनात हेच आलेलं, का केलंस रे मेल्या असं? लाजेनं मान खाली गेली माझी.

"वाटलं होतं रे," मी म्हटलं. "चुकलं माझं."