अर्गिरिसच्या नावाचे गहू

लेमोनियाला ग्रीसमधल्या थेस्सलोनिकी शहराच्या मोठ्या हॉटेलात उमेदवारी मिळत होती. आरशासारखे चकाकणारे केक, चॉकलेटची फुलं. हेच शिकायला ती मिठाईच्या शाळेत गेली होती. तिने निवडलं कवालातलं थ्रासोसचं दुकान. कबरस्तानाच्या फाटकासमोरचं. तिथे मुख्यतः मृतांसाठीचे गहू होतात, म्हणजे मृताच्या नावाने चर्चमध्ये नेऊन वाटायचे गोड गहू.

"वेड लागलंय का तुला?" मी मैत्रिणीच्या हक्काने म्हणाले.

"आमच्या घरात कुणी करणार नाही. मग मलाच ते करता यायला हवेत ना."

तिचा भाऊ अर्गिरिस हिवाळ्यात मासेमारीला गेला. होडी सापडली, तो नाही. त्यांची आई, स्मारोमावशी, दर रविवारी पाद्र्याला त्याचं नाव प्रार्थनेसाठी सांगायची. जिवंतांच्या यादीत. मृतासाठी गहू करायचा चाळिसावा दिवस आला नि गेला, घरात गहू शिजले नाहीत.

"आईने एकदा मान्य करावं," लेमोनिया म्हणायची. "घरात रडता तरी येईल."

ती थ्रासोसकडे लागली आणि मावशी तिच्याशी बोलेनाशी झाली.

गहू उकडायचे. रात्रभर चादरीवर सुकवायचे. बदाम, बेदाणे, डाळिंबाचे दाणे मिसळायचे. वर ओल शोषायला भाजलेल्या पिठाचा थर, मग साखरेचा, त्यावर चांदीच्या गोळ्यांनी नाव. पहिल्याच तबकात ती पीठ विसरली. सकाळी साखर पाझरत होती.

"अगं, मेलेल्याला घाम फुटलाय!" थ्रासोस ओरडला. "पीठ कोण घालणार, माझी सासू?"

"मास्तर, तुमची सासू कधीच गेली."

"हो, पण तिच्या तबकाला घाम नव्हता!"

उमेदवारी संपताना एक तबक एकट्याने करायचं, अशी त्या दुकानाची रीत.

"नाव कुणाचं घालतेस?" थ्रासोसने विचारलं.

तिने सांगितलं. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, चांदीच्या गोळ्यांची बरणी तिच्यापुढे ठेवली आणि बाहेर जाऊन बसला.

मृतांच्या शनिवारी, चर्चमध्ये सगळ्यांच्या मृतांची नावं वाचतात त्या दिवशी, आम्ही दोघींनी तबक चर्चमध्ये नेलं. मावशी आधीच आलेली होती. तबक ती उलथवणार, असं मला वाटलं. तिने कडेच्या साखरेला बोट लावलं. बोट कोरडंच राहिलं.

"पीठ नीट भाजलंयस," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत लेकीशी बोललेलं पहिलं वाक्य.

पाद्री नावं विचारत आला. "स्मारो, अर्गिरिसचं नाव नेहमीसारखं जिवंतांत..." त्याची नजर तबकावर गेली. तो थांबला.



"नाही, बाबा. आज ह्यांच्यात घ्या." तिने तबकाकडे बोट केलं.

मला वाटलं, झालं. लेमोनियाला हेच हवं होतं.

लेमोनियाने आईचं मनगट पकडलं. "नको. तो गेला असं तू नको म्हणूस, आई. तू त्याला जिवंत धरून होतीस म्हणून मी हे करू शकले."

"हात सोड. लोक खोळंबलेत."

पाद्र्याने नाव वाचलं. मग मावशीनेच नावावरून चमचा फिरवला, गहू कालवले आणि पुड्या भरून वाटल्या. देव त्याला क्षमा करो, असं प्रत्येकजण म्हणाला. लेमोनिया बाहेर पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले.

सोमवारपासून पगारावर ये, असा थ्रासोसचा निरोप आहे. ती उत्तर देत नाही. तिच्या वाट्याची पुडी माझ्याकडे आहे. ती घेत नाही, आणि मला खाववत नाही.