बोर्तोलोची मुकी गाडी

तीस वर्षं गाड्यांचा आवाज वाढवून देणारा माणूस एके दिवशी आवाज कमी करायला लागला, तर कुणाला संशय येणार नाही? मला तर आलाच. खरं सांगायचं तर मला संशय यायला एवढंही कारण लागत नाही.

आमच्या वाल्मोराच्या मोटारसायकल क्लबात मी एकोणीस वर्षं आवाज मोजतोय. शर्यतीच्या आदल्या दिवशी प्रत्येक गाडीच्या सायलेन्सरपासून अर्धा मीटर लांब, आवाजाचा मीटर तिरका धरून उभं राहायचं आणि चौऱ्याण्णव डेसिबलच्या वर काटा गेला की गाडी परत पाठवायची. एवढ्या वर्षांत काय काय पाहिलंय मी. कुणी सायलेन्सरच्या तोंडात मोजा कोंबला, कुणी भांडी घासायची तारेची घासणी, एकाने तर उकडलेला बटाटा. मोजणी झाली की पहिल्या वळणावर बूच काढून फेकायचं आणि डोंगर डोक्यावर घ्यायचा. त्यामुळे मी प्रत्येक नळीत बोट घालून बघतो. म्हणून गावात मला ‘संत तोमासो’ म्हणतात. त्या संतानेही येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवला नव्हता. नाव वाईट नाही. जेर्वाझिओ या माझ्या खऱ्या नावापेक्षा ते मला जास्त शोभतं.

तर बोर्तोलो झांकी. लाकडाच्या वखारीखाली त्याचं दुकान. उन्हाळ्यातसुद्धा डोक्याला लोकरीची टोपी, बोलणं मोजकं, आणि दुपारचं चीज सुरीच्या टोकावरून खायची सवय. टू-स्ट्रोक गाडीचा पोटफुगा पाइप पत्र्यातून कापून जोडावा तर त्यानेच. त्याच्या हातची गाडी नदीपलीकडून निघाली तरी चर्चच्या घंटेपाशी बसलेले म्हातारे सांगायचे, “बोर्तोलोची आहे.” टू-स्ट्रोक किंचाळली नाही तर तिच्यात जीव नाही, असं आमच्या खोऱ्यात सगळे मानायचे, आणि सगळ्यात जास्त तोच मानायचा.

मग ग्रामपालिकेचं पत्र आलं. वरच्या कुरणातल्या गवळ्यांनी तक्रार केली होती, की शर्यतीच्या दिवशी गाई बुजतात आणि दोन दिवस दूध चोरतात. पत्रात साफ लिहिलं होतं: खेचरांची जुनी वाट या वर्षी शेवटची संधी म्हणून देतो, कुरणापाशी आमचा माणूस मीटर घेऊन उभा राहील. एखादी गाडी ओरडली तर ती बाद. पण क्लबाच्या पंचांनीच काही लबाडी केली, तर वाट कायमची बंद. वाट बंद म्हणजे शर्यत बंद, आणि शर्यत बंद म्हणजे वाल्मोरा फक्त चीज विकणारं गाव.

एलिजिओच्या बारमध्ये बैठक झाली. एलिजिओ आमचा अध्यक्ष, बारही त्याचाच. सगळे ग्रामपालिकेला शिव्या घालत होते. बोर्तोलोने सुरी मिटली आणि म्हणाला, “मी करतो गप्प. सगळ्या गाड्या आणा.”

“तू?” एलिजिओ म्हणाला. “कसाई कधीपासून कोंबड्या पाळायला लागला?”

“आणा तर खरं.”

लोकांनी नेल्या. मीही दोनदा उगाच तिकडे चक्कर मारली. तो सायलेन्सर उघडायचा, आतली तेलाने काळी पडलेली काचेची लोकर उपसून काढायचा. भोकाभोकाच्या नळीवर आधी बारीक पोलादी तारेचा थर, मग नवी लोकर. फार दाबली तर धूर कोंडतो, सैल राहिली तर आठ दिवसांत उडून जाते, म्हणून हाताने दाबून दाबून अंदाज घ्यायचा. पाइपाचं पोट पत्र्यासारखं वाजतं, त्यावर रबरी पट्टे आवळायचा आणि इंजिन सुरू करून तळहात टेकवून बघायचा. शेवटी सायलेन्सरच्या तोंडात भोकं पाडलेली आखूड नळी. ती एका स्क्रूने बसवलेली, आणि स्क्रूच्या डोक्यातल्या छिद्रातून तार ओवून पीळ दिलेली, म्हणजे गाडी कितीही थरथरली तरी तो ढिला होणार नाही.

ती नळी पाहिली आणि माझ्या मनात चक्रं फिरायला लागली. हे तर बूचच की. तार ओवलेलं, शहाणं बूच. गावातही कुजबुज सुरू झाली होती. कुणी म्हणे गोंगाट नको म्हणून वरच्या हॉटेलवाल्याने त्याला हाताशी धरलंय, कुणी म्हणे ग्रामपालिकेच्या पुलाचे कठडे बनवायचं काम त्याला मिळणार आहे. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. कुठंतरी पाणी मुरतंय एवढं मात्र मला पक्कं वाटत होतं.

शनिवारी मोजणी झाली. शेवटी त्याची मुलगी निवेस आली. बावीस वर्षांची, आमच्या क्लबातली सगळ्यात वेगवान. काटा एकोणनव्वदवर थांबला. टू-स्ट्रोक गाडी आणि एकोणनव्वद! मी तीनदा मोजलं.

“मीटर बिघडलाय की कान?” बोर्तोलोने विचारलं.

“दोन्ही ठीक आहेत. डोकं चालवतोय.”

“मग तेल घाल त्यात.”

लोक हसले. मला ते हसणं झोंबलं, हे कबूल करतो.

मोजलेल्या गाड्या शाळेच्या मैदानात दोरीच्या आत उभ्या करतात. तिथून सकाळी सुटेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, चालवणाऱ्यानेही नाही. बापाने मुलाच्या गाडीवरची धूळ पुसली म्हणून मुलगा बाद झाल्याचं मी पाहिलंय, आणि बाद मीच केलं होतं. त्या फाटकाची किल्ली फक्त माझ्याकडे.

चार वाजता सगळे चर्चच्या सभागृहात मक्याच्या पिठाचा पोलेंटा खायला गेले. मी मागे राहिलो. फाटक उघडून आत गेलो आणि निवेसच्या गाडीपाशी गुडघे टेकले. मनात म्हटलं, बूच असेल तर ते बोटाने निघेल, आणि निघालं की सगळ्यांसमोर त्याची टोपी उतरवीन. ते निघालं नाही. मग मी खिशातल्या पकडीने तार तोडली, स्क्रू फिरवला आणि नळी बाहेर ओढली. नळी म्हणजे नळीच होती. आत भोकांचा हिशोब, कडेला घासून गुळगुळीत केलेलं वेल्डिंग. लबाडी कुठेच नव्हती. मी नळी परत आत सरकवली, स्क्रू पकडीनेच आवळला. नवी तार माझ्याकडे नव्हती. घट्ट बसलाय, एका दिवसाला काय होतंय, असं म्हणून मी कुलूप लावलं आणि पोलेंटा खायला गेलो. दोनदा वाढून घेतला.

रविवारी मी कुरणापाशी ग्रामपालिकेने मीटर देऊन पाठवलेल्या बाईंशेजारी उभा होतो. गाड्या येत होत्या, जात होत्या, गाई चरत होत्या. बाईंनी मला चक्क एक बिस्कीट दिलं. मग खालच्या झाडीतून किंकाळी आली, जुनी, आमच्या खोऱ्याची. निवेस वर आली तेव्हा गाई कुंपणाकडे धावल्या आणि बाईंच्या मीटरचा काटा शंभराच्या पुढे गेला. नळी वाटेत कुठेतरी गळून पडली होती. निवेस बाद झाली. त्या क्षणी ती दुसऱ्या नंबरच्या चार मिनिटं पुढे होती.

संध्याकाळी बारमध्ये उभं राहायला जागा नव्हती. वाटेवर सापडलेली नळी आणि स्क्रू कुणीतरी टेबलावर आणून ठेवले होते.

“बूच!” एलिजिओ म्हणाला. “स्वतःच्या पोरीच्या गाडीला बूच, बोर्तोलो? आणि आम्ही सगळ्यांनी तुझ्याकडे गाड्या आणल्या!”

बोर्तोलोने स्क्रू उचलला. त्याच्या कडांवर पकडीचे दात उमटले होते. तो कधी पकड वापरत नाही, त्याच्याकडे प्रत्येक स्क्रूसाठी वेगळा पाना आहे. त्याने तो बोटांत दोनदा फिरवला, मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी माझा प्याला उचलून तोंडाला लावला.

“तार ओवायची राहिली,” तो म्हणाला. “माझी चूक.”

“बाबा, खरंच राहिली?” निवेसने विचारलं.

“राहिली म्हटलं ना.”

ती उठून बाहेर गेली. लोकांचं तर ठरलंच होतं. त्या दिवसापासून तो ‘बूचवाला’ झाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो. तो एक पाइप घासत होता.

“का घेतलंस अंगावर?” मी विचारलं.

“मोजणाऱ्यानेच मैदानातल्या गाडीला हात लावला असं कळलं असतं, तर वाट गेली असती. माझी गाडी बाद झाली तर एक गाडी बाद झाली.”

“मला माफ कर.”

“संशय घेतलास त्याचं काही नाही. तुझं कामच ते.” त्याने कानस खाली ठेवली. “पण बघून झाल्यावर नीट बसवायचं असतं रे. तार मागितली असतीस तर मी दिली असती.”

पुढच्या वर्षांसाठी वाट देण्याच्या कागदावर ग्रामपालिकेची सही होईपर्यंत गप्प राहा, असं त्याने मला बजावलं. मला ते सोयीचंच होतं, खोटं कशाला बोलू. शरदात सही झाली, पाच वर्षांची. बाकी सगळ्या गाड्या गप्प राहिल्या म्हणूनच झाली, पण बोर्तोलोचं नाव कुणी घेतलं नाही. त्याच्या दुकानात गाडी नेणंही लोकांनी सोडलं. कोपऱ्यावर पूर्वी रांग असायची, तिथे आता तो एकटाच चीज खात बसायचा. मला ते बघवेना.

क्लबाच्या वार्षिक जेवणात मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पकड, तार, किल्ली, पोलेंटा, सगळं. किल्ली टेबलावर ठेवली.

मग एलिजिओ हसला. “किती चीज दिलं रे त्याने तुला?”

“एलिजिओ, मी स्वतः तार तोडली.”

“तू? मुलाच्या गाडीची धूळ पुसली म्हणून बापाला रडवणारा तू? चल, बस. काहीतरी शिजलंय तुमचं दोघांचं.”

सगळे हसले. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, तर कुणीतरी माझा प्याला भरला. एकोणीस वर्षं मी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, की समोरच्याचं खरं मानू नका. ती त्यांना चांगली पाठ झाली होती.

बाहेर पडलो तर निवेस दाराशी उभी होती. मला वाटलं, हिला तरी कळलं असेल. ती पुढे आली आणि तिने माझा हात दोन्ही हातांत धरला.

“जेर्वाझिओकाका,” ती म्हणाली, “बाबांसाठी तुम्ही एवढ्या लोकांसमोर खोटं बोललात. मी विसरणार नाही.”