ताकदीची सुई

माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सगळ्या आळीत सांगितलं, "कांदे काढायला आले की हिचे पाय दुखत्यात बघा!" अगं बाई, दुखत असते तर बरं झालं असतं! चप्पल पायातून निसटायची आणि मला पत्ता नसायचा.

पिंपळवंडीतलं आमचं घर माळकरी. अंडं, मटण उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि दूध सगळं डेअरीला जातं. नारायणगावच्या डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं तेवढं विचारलं आणि म्हणाले, "बी-बारा कमी असणार. रक्त तपासून घ्या." परतताना नवरा गाडीवरूनच म्हणाला, "रिपोर्टात कमी निघालं तर आराम कर. नाय निघालं तर परत पायाचं नाव काढायचं नाय." मी हो म्हटलं. मला काय, खात्रीच होती.

दुसऱ्या दिवशी कांदा काढणी सुरू झाली. आमच्याकडे काढणीच्या आधी गावातला डॉक्टर बांधावर बोलावतात आणि सगळ्या बायांना ताकदीची लाल सुई देतात. आत्याबाईंनी मलाही पुढं ढकललं, "हिला बी द्या, लई नाजूक हाय." मी निमूट घेतली.

त्यानंतर लॅबमध्ये गेलो. तिथल्या मुलीनं विचारलं, "काही औषध चालू आहे?" नवरा म्हणाला, "काय नाय." खोटं बोलला असंही नाही. ताकदीच्या सुईला आमच्याकडे कुणी औषध धरतच नाही. मीसुद्धा धरलं नाही.

रिपोर्ट आला. कमी कसलं, बी-बारा भरपूर! आत्याबाई पोट धरून हसल्या. "नाटकी मेली! रक्तानंच उघडी पाडली." त्या कांद्यात मला वाकवलं, मग उसात. तोल जायचा तेव्हा दीर विचारायचा, "वहिनी, घेतली काय?" आणि सगळे खिदळायचे. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

एका सकाळी घरात रक्ताचे ठसे दिसले. माझ्याच तळव्यात खिळा घुसला होता आणि मी त्याच्यावर चालत होते.

मग कुठं नवऱ्यानं मंचरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. आत्याबाईही सोबत होत्या. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट बघून पहिलाच प्रश्न केला, "तपासणीआधी इंजेक्शन घेतलं होतं?" मी सुईचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, त्या सुईतच बी-बारा असतं! तेच रिपोर्टात आलं. इथं नसा वाळत चालल्या होत्या. आता औषध देतो, पण गेलं ते सगळं परत येईल असं नाही. शेतात उभ्यानं काम बंद."

मला रडू फुटलं.

आत्याबाईंनी पदर सावरला. "डॉक्टर, बसून कांद्याची पात कापता येईल ना तिला?"



नवरा म्हणाला, "येईल की."