आण्णांचा कान

१९९८ च्या जूनमध्ये कॉलेजनं मला वर्षभरासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका डिझेल इंजिनाच्या कारखान्यात पाठवलं. संशोधनाचा विषय होता, शेतीपंपाच्या इंजिनाचा आवाज कमी करणे. उचगावात आईनं शेजारणीला कौतुकानं सांगितलं, "आमची दीक्षा इंजिन गप करायला चाललीया." शेजारीण म्हणाली, "आधी सोता गप बसाय शिकू दे तिला."

टेस्टिंग शेडमध्ये ओळीनं आठ इंजिनं धडधडत असायची आणि त्यांच्यामधून आण्णा फिरायचे. मूळचे आजऱ्याकडचे, बावीस वर्षं टेस्टर. हातात कायम एक लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "टॅपेट ढिला हाय." "बेअरिंग रडतंय." इंजिन उघडलं की तेच निघायचं. आण्णांनी पास केलेलं इंजिन परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. शेडमध्ये त्यांच्या कानाबद्दल लोक देवळातल्या मूर्तीबद्दल बोलावं तसं बोलायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी ओरडून विचारलं, "हातात काय हाय गं?"

"आवाज मोजायचं मीटर, आण्णा."

"मग माझं काय काम ऱ्हायलं?"

शेडमध्ये सगळेच ओरडून बोलायचे. पंधरा दिवसांत मीही शिकले. घरी जेवताना "भात वाढ" म्हणाले की शेजारचं कुत्रं भुंकायचं.

माझा पहिला सायलेन्सर चालू इंजिनावरून उडून पत्र्याच्या छपराला लागला. दुसऱ्यानं इंजिनाचा श्वासच कोंडला आणि सगळी शेड काळ्या धुरानं भरली. तिसरा बरा होता, म्हणजे त्यानं कुणाला इजा केली नाही. प्रत्येक वेळी मी आण्णांचं मत विचारायची. ते जरा थांबायचे, इकडंतिकडं बघायचे आणि म्हणायचे, "फरक हाय." मी वहीत लिहायची, 'अनुभवी टेस्टरच्या मते फरक जाणवतो.'

जानेवारीत चौथा सायलेन्सर लावला. इंजिन चालू असतानाच त्याचा बोल्ट निसटला आणि तो खाली पडला. मी पाना आणायला धावले. परत आले तर इंजिन कान फाडत होतं. मीटरचा सेल संपल्यानं काटा शून्यावर झोपला होता, आणि त्या काट्याकडं बघत आण्णा कमरेवर हात ठेवून समाधानानं उभे होते.

"पोरी, जमलं बघ. पार गप झालं."

मी त्यांच्या पायाजवळ पडलेल्या सायलेन्सरकडं बघितलं. मग त्यांनीही बघितलं.

ते मला मागच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. "कुणाला सांगू नगस," ते कुजबुजले. निदान त्यांना तसं वाटलं. टपरीवरच्या चौघांनी माना वळवल्या.

"तीन वर्सं झाली. डावा गेला, उजवा अर्धा."

"मग इंजिनाचं कसं कळतं?"

त्यांनी कानामागच्या हाडावर बोट वाजवलं. "हितनं कळतंय. तळहाताला बी कळतंय. बोलणं तेवढं हितनं येत न्हाय. पर कोल्हापुरात हळू बोलतंय कोण? माझं चाललंय झकास."

"मग चालू दे की."

"कसं चालंल? तू इंजिन गप करणार. शेड शांत झाली की माणसं हळू बोलणार, आणि मी उघडा पडणार. चौगुले साहेबाला कळलं की गोडाऊनला नट मोजाय बसवंल. चार वर्सं ऱ्हायल्यात रिटायरला."

इंजिन शांत झालं तर आण्णा गोडाऊनमध्ये, नाही झालं तर माझं वर्ष पाण्यात. मी चहा तसाच ठेवला.

आण्णांनी तो पिऊन टाकला. "थांबू बिंबू नगस. काम निम्मं सोडलेलं मला आवडत न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच स्क्रूड्रायव्हर सायलेन्सरच्या पोटाला लावला, डोळे मिटले. "आवाज तोंडातनं न्हाय येत. पत्रा थरथरतोय." मी दुहेरी पत्रा केला, मध्ये काचेची लोकर भरली. मे महिन्यात मीटरनं चौदा डेसिबल कमी दाखवले. नवा सेल घालून तीनदा मोजले.

प्रात्यक्षिक बघायला पुण्याहून परीक्षक म्हणून एक प्राध्यापक आले. बाकीची सात इंजिनं बंद केली होती. वर्क्स मॅनेजर चौगुले साहेब, फोरमन, फिटर, सगळे गोल करून उभे. मी आण्णांना सांगून ठेवलं होतं, सरांच्या ओठांकडं बघा. पण सरांची मिशी ओठांवरून खाली उतरलेली होती.

"काका, तुम्हाला यात काय वेगळं जाणवलं?" सरांनी मृदू आवाजात विचारलं.

आण्णा मिशीकडं बघत राहिले. मी घाबरून चौगुले साहेबांकडं बघितलं, तर ते कानामागं हात धरून पुढं वाकले होते.

"काय म्हणालासा सर? जरा मोठ्यानं बोला की."

सरांनी प्रश्न पुन्हा विचारला. साहेब फोरमनकडं वळले, "काय म्हणत्यात ओ?"

"पुण्याचं बोलणं हाय साहेब," फोरमन ओरडला, "असंच असतंय."

एका फिटरनं इंजिनाला हात लावून ते चालू आहे ना याची खात्री करून घेतली.

सरांनी पेन खिशात ठेवलं आणि आवाज चढवला. "इथं कुणाला ऐकू येतं का?"

"मला येतंय सर," मी म्हणाले, आणि सर दोन पावलं मागं सरकले.

ते माझ्या अहवालावर सही करायला तयार होते, पण आधी सगळ्यांचे कान तपासा म्हणाले. पुढच्या आठवड्यात डॉक्टर आले. शेडमधली चौदा माणसं आणि साहेब मिळून पंधरा जण तपासले. अकरा नापास.

साहेबांनी आण्णांना ऑफिसात बोलावलं. मीही मागोमाग गेले. टेबलावर दोन कागद होते, एक आण्णांचा, एक साहेबांचा स्वतःचा.

"किती वर्सं झाली?"

"तीन."

"आणि मला पत्ता न्हाय?"

"तुमास्नी कसा लागंल साहेब?"

साहेबांनी आपला कागद पुन्हा वाचला. "गोडाऊनला स्टूल एक आणि माणसं अकरा. कुणाकुणाला बसवू? जावा शेडला. सगळ्यांनी कानात बोळे घालायचे, आणि टेस्टिंगच्या सगळ्या इंजिनांना हिचा सायलेन्सर लावायचा."

आण्णा दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "साहेब, तुमचा डावा गेलाय. मिटिंगला भिंत डाव्या हाताला ठेवून बसत जावा. म्हंजे बोलणारा सदा उजवीकडनं येतो."

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. "बसा आण्णा. आणि फोनचं काय करता?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "दार लावून जा गं. खासगी हाय."

मी दार लावलं आणि बाहेर थांबले. त्यांचं खासगी बोलणं अर्धा तास चाललं. मला सगळं ऐकू आलं, आणि गेटवरच्या वॉचमनलाही.